नियम क्रमांक चौदा

६ ऑगस्ट

बारके,

अकरा वर्षांनी सख्ख्या बहिणीला पत्र लिहिताना वर काय लिहायचं असतं, मला माहीत नाही. ऑफिसात असते तर 'महोदया' लिहून खाली विषय टाकला असता. तसंच करते. विषय: माझी मुलगी.

भिंगरी तुझ्याकडे गाणं शिकायला येते. नाही म्हणू नकोस. मला कुणी येऊन सांगितलेलं नाही, मला भिंतीतून कळलं.

काल सकाळी मी भाजी चिरत होते आणि ती तिच्या खोलीत दार लावून गात होती. ओळ लांबलचक. मी शिकवलं त्याप्रमाणे तिसऱ्या शब्दानंतर तिने श्वास घ्यायला हवा होता. माझी प्रत्येक विद्यार्थिनी तिथेच थांबते, मी थांबवते. ही थांबलीच नाही. शब्दाच्या पोटात कुठेतरी चोरून श्वास घेतला आणि ओळ सरळ पुढे नेली, जशी काही हिला हवा लागतच नाही. असा चोरटा श्वास घेणारी एकच बाई मला माहीत आहे. ती नऊ वर्षं मैफलीत माझ्या मागे तानपुरा घेऊन बसत होती.

मी हातातल्या सुरीसकट आत गेले. म्हटलं, "हे कुठून आणलंस?"

"काय?"

"श्वास."

पोरगी पांढरीफटक पडली. मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षं! मंगळवार आणि शुक्रवार. मला सांगायची, पोहायला जाते. दोन वर्षं पोहायला जाणाऱ्या मुलीचे केस एकदाही ओले नसतात, हे माझ्या लक्षात येऊ नये? आणि मी म्हणे चाळीस माणसांचं कलाकेंद्र चालवते! तुझे भाऊजी पेपरमागून म्हणाले, "मला वाटायचं, टोपी घालत असेल." त्यांना आधीपासून माहीत होतं की नाही, देव जाणे. मी विचारलं तर पान उलटलं.

एकोणिसाव्या वर्षी तिने माझा क्लास सोडला तेव्हा म्हणाली होती, "आई, मला जरा सुट्टी हवी." मी दिली. मला वाटलं, वय आहे, मित्रमैत्रिणी असतील, येईल परत. आणि ही सुट्टी घेऊन गेली कुठे, तर तुझ्या दारात. गावात गाण्याचे क्लास काय कमी होते? चष्म्याच्या दुकानावरच्या तुझ्या त्या दोन खोल्या, जिथे म्हणे एक विद्यार्थी आत आला की दुसऱ्याला जिन्यात बसावं लागतं. हे मी ऐकून आहे. बघायला आलेले नाही.

तुझं कसं चाललंय याच्याशी मला काही कर्तव्य नाही. तुझं गाणं मी ऐकतही नाही. पण मी तयार केलेला आवाज तू मागच्या दाराने नेलास. आणि माझं काही घेऊन जायची तुझी ही पहिली वेळ नाही. मी कशाबद्दल बोलतेय ते तुला बरोबर समजतं.

शुक्रवारी ती आली तर दारातूनच परत पाठव.

ताई


२४ ऑगस्ट

बारके,

तुझं कार्ड मिळालं. मी दोन पानं लिहायची आणि तू चार ओळी. "ताई, ती आपणहून आली. मी बोलावलं नाही, आता हाकलणारही नाही. तिचा आवाज फार चांगला आहे. तू बरी आहेस ना?"

या शेवटच्या प्रश्नाने माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. मी बरी आहे. रक्तदाब आहे, गुडघा आहे, पण मी बरी आहे. आणि तिचा आवाज चांगला आहे हे तू मला सांगतेस? अगं, तो आवाज मी जन्माला घातलाय!

गाण्याच्या बाईंकडे आधी कोण शिकायला लागलं, आठवतं का? मी. मी अकरा वर्षांची आणि तू पाच. दुपारच्या वेळी आईला तुझी कटकट नको असायची म्हणून मी तुला बोटाला धरून न्यायची. तू बाईंच्या खोलीत कोपऱ्यात बसायचीस, भिंतीचा पोपडा काढत. मी एकेक ओळ चाळीस वेळा घोटायची. आणि एक दिवस तू नाक पुसता पुसता तीच ओळ म्हणून टाकलीस. पहिल्या झटक्यात. बाईंनी पेटी थांबवली.

बाई लोकांना सांगायच्या, "थोरली फार मेहनती आहे." तुझ्याबद्दल काही बोलायच्याच नाहीत. नुसते डोळे मिटायच्या. मेहनती! प्रगतिपुस्तकात दुसरं काही लिहायला सुचलं नाही की मास्तर लिहितात तसं. मी तेव्हा हसून मान खाली घालायची आणि घरी येऊन तुझी वेणी जरा जास्तच घट्ट घालायची. तू रडायचीस. बरं वाटायचं.

तरी मंचावर मी गेले, तू नाही. चोविसाव्या वर्षापासून दहा वर्षं मी गायले, मोठमोठ्या सभागृहांतून गायले. त्यातली नऊ वर्षं तू मागे होतीस. मागे बसणाऱ्याचं काम काय असतं? गाणाऱ्याने श्वास घ्यायला सोडलेली जागा भरायची, आणि आपण दिसायचं नाही. बाईंनी दोघींना एकाच दिवशी शिकवलं होतं हे. आणि केंद्राच्या त्या शेवटच्या मोठ्या मैफलीत तू काय केलंस? मी जरा थांबले, तेवढ्यात तू वरचा सा पकडलास आणि सोडलाच नाहीस. अख्खं सभागृह 'वा' म्हणालं. माझ्याकडे बघून नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून.

त्यानंतर मी शिकवायचं ठरवलं. मला शिकवायचंच होतं. केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सात खोल्या, दारांना आतून जाड कापड ठोकलेलं, तरी शेजारचा सतारवाला ऐकू येतोच. तिथे मी शिक्षिका झाले, मग विभागप्रमुख, मग उपसंचालक, मग संचालक. आज या गावात कोण कुठे गाणार हे माझ्या टेबलावर ठरतं. तुला वाटत असेल ताई गाणं सोडून कागदांत गेली. कागदही कुणीतरी सांभाळावे लागतात.

आणि तुझा तो जुना राग. अकरा वर्षांपूर्वी तू हिवाळी संगीतसभेत गायला मिळावं म्हणून अर्ज केलास. मी नियमाप्रमाणे उत्तर दिलं, की केंद्रातल्या माणसांच्या नातेवाइकांना मंच मिळत नाही. नियम सगळ्यांना सारखा. त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

भिंगरी शुक्रवारी पुन्हा गेली. आता पोहायला जाते असंही म्हणत नाही.

ताई


९ ऑक्टोबर

बारके,

ती तुझ्याकडे पोचली असेल. दोन बॅगा आणि लहान तानपुरा. चार्जर इथेच विसरलीय.

तिने आपल्या बाजूने सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

मंगळवारी निवड समितीची बैठक होती. जानेवारीतल्या हिवाळी सभेची नावं ठरवायला. तुला माहीत आहे त्या सभेचं. तिथे जो गातो त्याला वर्षभर चार गावांतून बोलावणी येतात, आणि जो तिथे नाही तो कुठेच नाही. तर समितीतले म्हातारे तबलजी म्हणाले, "पहिल्या दिवशी सुरुवातीला मला एक मुलगी हवी आहे. गेल्या महिन्यात विद्यापीठात अर्धा तास गायली. गेल्या दहा वर्षांत असा आवाज माझ्या कानावर आलेला नाही." आणि त्यांनी भिंगरीचं पूर्ण नाव घेतलं. ती माझी मुलगी हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

खरं सांगू? मी खुर्चीतून उठलेच. कुणी बघितलं नाही ते बरं. आईच आहे मी शेवटी.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमची टायपिस्ट हळूच म्हणाली, "मॅडम, चौदा."

नियम क्रमांक चौदा. 'केंद्राच्या पदाधिकाऱ्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या निकटच्या नातेवाइकांना केंद्राच्या मंचावर कार्यक्रम देण्यात येऊ नये.' अध्यक्षांनी चष्मा पुसत सगळ्यांना ऐकवलं, "हा नियम मॅडमनी स्वतः आणलाय. सख्ख्या बहिणीलाही त्यांनी सूट दिली नाही. अशी माणसं हल्ली राहिली नाहीत हो." सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. या मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

घरी येऊन भिंगरीला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "नियम कधीचा आहे?"

म्हटलं, "जुना आहे."

"किती जुना?"

म्हटलं, "झोप आता, दमली असशील." संध्याकाळचे सात वाजले होते.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या वाचनालयात गेली. तिथे सगळ्या बैठकांची इतिवृत्तं बांधून ठेवलेली आहेत, कुणीही येऊन वाचावीत अशी. ही पारदर्शक पद्धत कुणी सुरू केली? मीच! दुपारी ती माझ्या केबिनमध्ये आली आणि टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तीन तारखा. तुझा अर्ज आवक नोंदवहीत चढला तो दिवस, तीन सप्टेंबर. नियम चौदा मंजूर झाला तो, चौदा सप्टेंबर. तुला नकार गेला तो, पंधरा सप्टेंबर.

म्हणाली, "आई, आधी नियम की आधी मावशी?"

बाहेर दोन पालक बसले होते, दार अर्धवट उघडं. मी म्हटलं, "इथे मला मॅडम म्हणायचं."

ती म्हणाली, "बरं, मॅडम." आणि संध्याकाळी बॅगा भरल्या.

झोपताना ती खिडकी उघडी टाकते, लावून घे, घसा धरतो तिचा. दूध सोसत नाही. गाऊन झाल्यावर लगेच गार पाणी पिते, ओरडल्याशिवाय ऐकत नाही. पण हे तुला माहीतच असेल. तुला सगळंच आधी माहीत असतं. जाताना म्हणाली, "माऊकडे जाते." माऊ! मला ती आई म्हणते. ते काय, सगळ्याच मुली म्हणतात.

तिला परत पाठव. ही विनंती समज. मी हा शब्द कुणाला लिहीत नाही, आमच्या टायपिस्टला विचार.

ताई


४ नोव्हेंबर

बारके,

"ताई, मी तिला घरी जायला सांगितलंय. मी शिकवणं थांबवते. तू नियमातून काहीतरी वाट काढ, तिला गाऊ दे. माझं काही नाही."

माझं काही नाही! हे तुझं वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. मोठी बाहुली ताईला दे, माझं काही नाही. खिडकीची जागा ताईला दे, माझं काही नाही. अगं, असू दे ना काहीतरी! चार शिव्या घातल्या असत्यास तर मी सुखाने झोपले असते. तू अशी चांगली वागलीस की मला माझं तोंड आरशात बघवत नाही, आणि त्याचाही राग तुझ्यावरच येतो.

भिंगरीचाही निरोप आला, बापाच्या फोनवर. माझ्या नाही. घरी येणार नाही. आणि मी वाट काढली तरी केंद्रात गाणार नाही. "मावशीला बंद असलेल्या दारातून मी आत जाणार नाही, हे मॅडमना सांगा." तुझे भाऊजी मला शब्दन् शब्द वाचून दाखवत होते, मॅडमसकट.

तिचं बाविसावं वर्ष आहे, बारके. तबलजी म्हणतात तसा आवाज. हा हंगाम गेला तर पुढच्या वर्षी दुसरी कुणी असेल. हे मी अकरा वर्षं टेबलापलीकडून बघतेय. एक वर्ष विचारलं नाही की लोक विसरतात. तुझ्या बाबतीत मी त्यावरच तर विसंबले होते.

घे, लिहिलं. आता बाकीचंही लिहिते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

त्या मैफलीत तू माझी जागा घेतली नाहीस. मी तुला दिली. वरचा सा लागत नव्हता. मी दोनदा गेले, दोनदा आवाज फाटला. पहिल्या रांगेतला एकजण खाली बघायला लागला. तिसऱ्यांदा जायचा माझा धीर झाला नाही. मी उजवा हात मागे नेला आणि दोन बोटं हलवली. म्हणजे, घे. ती खूण माझी होती. तू घेतलास, आणि तो असा लागला, असा लागला की पहिलं 'वा' माझ्याच तोंडून निघालं. सभागृहाच्याही आधी. तुला ते ऐकू आलं होतं का, हे इतक्या वर्षांत मला विचारता आलं नाही.

मग आतल्या खोलीत लोक तुझ्याभोवती जमले. मी मोठ्याने म्हटलं, "हल्ली मागे बसणाऱ्यांना पुढे यायची फार घाई असते." सगळे हसले. तू माझ्याकडे बघितलंस. एकदा तोंड उघडलं असतंस तर! "ताईनेच खूण केली," एवढंच. पण तू मूग गिळून तानपुऱ्याला खोळ घालत बसलीस. मी म्हटलं तेच मग खरं झालं. नंतर मी ते इतक्या वेळा सांगितलं की मलाही तसंच आठवायला लागलं.

त्यानंतर प्रत्येक वेळी वरच्या सा कडे जाताना मला पाठीमागे तू असल्यासारखी वाटायचीस. मागे कुणी नसलं तरी. वर्षभरात मी गायचं सोडलं. मला शिकवायचंच होतं, हे खोटं.

तुझं गाणं ऐकत नाही, हेही खोटं. जेवणाच्या सुट्टीत केबिनचं दार लावते, डबा उघडते आणि कानात तुला लावते. तुझं जिथे जिथे काही ध्वनिमुद्रण निघालंय ते माझ्याकडे आहे. मी चुका शोधते. मागच्या वर्षी एक सापडली. दोन दिवस फार बरे गेले.

तू तिला शिकवणं थांबवू नकोस. एवढंच सांगायचं होतं, बाकीचं मध्येच आलं.

ताई


२२ नोव्हेंबर

बारके,

काल समितीची बैठक झाली. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते, कारण लोक तिखटमीठ लावतील.

अध्यक्षांनी स्वतःच तोड काढून आणली होती. नियम चौदाला एक शेपूट जोडायचं: 'मात्र पंचविशीच्या आतील विशेष गुणवंत कलाकारांचा अपवाद करता येईल.' काय देखणं वाक्य! मीच लिहिलं असावं असं. भिंगरीला मंच मिळत होता. नियम राहत होता. माझी अब्रू राहत होती. आणि तू बाहेरच राहत होतीस, कारण पंचविशी तुझी कधीच उलटली. सगळ्यांचं भलं.

मी पेन उघडलं होतं, बारके. खोटं कशाला सांगू? भिंगरी म्हणालीय की ती गाणार नाही, पण मला वाटलं, एकदा नाव छापून आलं की गाईल. पोरंच ती. मी सही करणार होते.

तेवढ्यात तबलजी बिचारे चांगल्या मनाने म्हणाले, "हे झकास झालं. त्या धाकट्या बहिणीचं मात्र राहिलंच. बिचारी."

माझं डोकंच फिरलं. बिचारी? तुला बिचारी म्हणणारे हे कोण? तुला काय हवं ते मी म्हणेन, माझी बहीण आहेस. मी म्हटलं, "बिचारी कोण? ती या खोलीतल्या प्रत्येकापेक्षा चांगली गाते. माझ्यापेक्षा तर गातेच. म्हणून तर हा नियम केला."

कुणाला काही कळलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे, पारदर्शकतेसाठी."

म्हटलं, "कसली पारदर्शकता घेऊन बसलात! तिचा अर्ज आला आणि अकराव्या दिवशी मी नियम केला. एका माणसासाठी. या सभागृहात ती गायली असती आणि मला समोर बसून ऐकावं लागलं असतं, ते मला सहन होत नव्हतं. तुम्ही अकरा वर्षं ज्याचं कौतुक करताय ना, तो माझा जळफळाट आहे. क्रमांक घातलेला."

टायपिस्टचे हात थांबले. हळूच म्हणाली, "मॅडम, हे इतिवृत्तात घ्यायचं?"

म्हटलं, "शब्दन् शब्द. आणि स्पेलिंग नीट बघ."

नियम चौदा रद्द झाला. मी राजीनामा देते म्हटलं. मला वाटलं होतं, थोडी तरी नाही-हो करतील. चहा यायच्या आत मंजूर! अध्यक्षांनी तर माझ्या हातातलंच पेन घेतलं सहीला. वीस वर्षं त्या इमारतीत घातली, आणि बारा माणसांत एकजण म्हणाला नाही की बाई, विचार करा. मार्चअखेर केबिन सोडायची आहे. मी पायऱ्यांनी उतरले, लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको होतं.

सोबत केंद्राचं पत्र जोडलं आहे. पहिल्या दिवशी सुरुवातीला भिंगरी. तिसऱ्या दिवशी शेवटची बैठक तुझी. दोन तास. ती जागा कुणाला देतात ते तुला सांगायला नको. खाली सही माझी आहे, संचालक म्हणून.

होकार कळव. आणि 'माझं काही नाही' असं लिहिलंस तर याद राख.

ताई


२० जानेवारी

बारके,

मी तुला भेटायला आत आले नाही. तू वाट बघत होतीस असं भिंगरी म्हणाली. आत आले असते तर माझ्या तोंडून काय निघालं असतं याचा भरवसा नव्हता, म्हणून घरी येऊन लिहितेय.

आधी भिंगरीचं. पहिल्या दिवशी मी सातव्या रांगेत बसले होते, खांबाच्या बाजूला. ती आली, बसली, सूर लावला, आणि मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "संचालकबाईंची मुलगी. आईकडेच तयार झालेली दिसते." मी गप्प बसू शकले असते. कुणी मला विचारलं नव्हतं. मी मागे वळून म्हटलं, "मावशीकडे शिकते." मग पुढे बघत बसले आणि पहिली दहा मिनिटं मला काही ऐकूच आलं नाही.

त्यानंतर ऐकलं. ती फार चांगली गायली. मी शिकवलेलं कुठे कुठे होतं. तू शिकवलेलं सगळीकडे होतं.

आता तुझं. तुला सर्दी होती का? पहिली वीस मिनिटं तुझा आवाज लागत नव्हता. खालचे सूर घोगरे, एकदा तर तू खाकरलीस. मला इतकं बरं वाटलं, बारके! मी पदर सावरून सरळ बसले. मनात म्हटलं, बघा, बघा हिच्यासाठी मी खुर्ची सोडली. तुझ्या भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, त्यांना माझा चेहरा कळतो. त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

मग तुझा आवाज लागला.

त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुला माहीत आहे तू काय गायलीस. लोक उभे राहिले तेव्हा मीही उभी राहिले, पण टाळ्या मला वाजवता आल्या नाहीत. मला वाटलं होतं नियम गेला, खरं बोलून झालं, आता ही आग जाईल. पुस्तकांत जाते. माझी गेलेली नाही. तू गात होतीस आणि मी चोपन्न वर्षांची बाई, दोन्ही हात मांडीखाली दाबून, पाच वर्षांच्या मुलीवर जळत होते.

कार्यक्रमानंतर भिंगरी गर्दीतून मला शोधत आली. मी कोट घालत होते. कोटाची बाही उलटी झाली होती, ती तिने सरळ केली. म्हणाली, "आई, मी घरी येऊ? माऊ म्हणते, आता जा." मॅडम नाही म्हणाली.

तीन महिने मला हेच ऐकायचं होतं. ऑक्टोबरच्या पत्रात मी तुझ्याकडे हेच मागितलं होतं. ती माझ्यासमोर उभी होती, आणि तिचं बोलणंसुद्धा सुरात येत होतं. मी म्हटलं, "नको. तिकडेच राहा."

तिला वाटलं मी रागावले. मी तिला समजावलं नाही, तिथे लोक होते. तूच सांग तिला. मी रागावलेय, पण तिच्यावर नाही.

तेव्हा तिला ठेवून घे. तिच्या गळ्यात मी लावलेल्या काही सवयी अजून आहेत, मला त्या दिवशी सगळ्या ऐकू आल्या. त्या तुला मोडाव्या लागतील. मोड. कुठल्या कुठल्या मोडल्यास ते मला सांगू नकोस. रविवारी तिला जेवायला पाठवत जा.

तू येऊ नकोस. एवढ्यात नको. मी सांगेन.

ताई